कथेतलं ग्रहण : लिहिणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात एकांकिकांचा हंगाम जवळ आला की नव्या संहिता वाचायला येतात आणि त्यांतल्या कितीतरी संहितांत एखादं ग्रहण असतंच. कुणाचा खून ग्रहणात होतो, कुणाचं बाळ ग्रहणात जन्मतं, कुणाला सूर्य झाकोळताच सत्य कळतं. वाचन झाल्यावरच्या चर्चेत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ग्रहण ही कथेच्या हाती आलेली फार मोठी ताकद आहे. ती वाया गेलेली बघवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिलं आहे.

कथेत ग्रहणाचा नेमका उपयोग काय?

नुसता अंधार हवा असेल तर ग्रहण वापरू नका. अंधार रोज रात्री मिळतो, लाईट गेली तरी मिळतो. ग्रहणाजवळ जे आहे ते दुसऱ्या कुठल्याही नैसर्गिक संकटाजवळ नाही: त्याची वेळ सगळ्यांना आधीपासून मिनिटासकट ठाऊक असते आणि ती कुणालाच पुढेमागे करता येत नाही. भूकंप सांगून येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फुटाफुटानं वाढताना कळते, पण पाणी नेमकं कुठवर येईल आणि कधी उतरेल हे कुणी छातीठोक सांगत नाही. ग्रहणाचं तसं नाही. नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागली की स्पर्श किती वाजता आणि मोक्ष किती वाजता हे घरात आलेलंच असतं.

म्हणजे पात्रांना तयारीला वेळ मिळतो, भांडायला वेळ मिळतो, मन बदलायलाही मिळतो. फक्त सुटका मिळत नाही. नाटककाराला यापेक्षा जास्त काय हवं? माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे, खालची बरीच उत्तरं त्यातूनच निघतात.

पण ग्रहण अचानक आलं तर प्रेक्षक जास्त दचकणार नाही का?

एकदा दचकेल. पुढच्याच क्षणी विचारेल, "या घरात कुणालाच माहीत नव्हतं?" महाद्वार रोडवरच्या दुकानदारापासून गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला थांबलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना ग्रहणाची वेळ ठाऊक असते. मग तुमच्या नायकालाच ती ठाऊक नसेल, तर तो का विसरला हे कथेत आलं पाहिजे. तो दवाखान्याच्या जिन्यावर रात्रभर बसून असेल, तुरुंगात असेल, चार दिवस शुद्धीवर नसेल. विसरण्यामागे असं कारण असेल तर अचानकपणा चालतो.

जयद्रथवध म्हणजे ग्रहणाचीच गोष्ट ना?

हा प्रश्न हमखास येतो, आणि यावर थांबण्यासारखं पुष्कळ आहे.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. अभिमन्यू मारला गेल्यावर अर्जुन प्रतिज्ञा करतो: उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाही जमलं तर अग्निप्रवेश करीन. दुसऱ्या दिवशी कौरव जयद्रथाला सैन्याच्या पार मागे लपवतात. दिवस कलतो. कृष्ण सूर्य झाकतो. सूर्य मावळला असं समजून जयद्रथ मान वर करून पाहतो आणि तेवढ्यात प्रकाश परत येतो. 'हा सूर्य आणि हा जयद्रथ' हे आपण आजही पुरावा समोर ठेवताना म्हणतो, इतका तो क्षण भाषेत मुरला आहे.

आता हे खगोलशास्त्रातलं सूर्यग्रहण होतं का? द्रोणपर्वातच त्याचं उत्तर सापडतं. त्याच दिवशी युद्ध सूर्यास्तानंतरही चालू राहतं. थकलेले सैनिक रणभूमीवरच झोपतात, रात्र बरीच सरल्यावर चंद्र उगवतो आणि त्या चांदण्यात पुन्हा युद्ध जुंपतं. सूर्यग्रहण फक्त अमावस्येला होतं. त्या दिवशी चंद्र सूर्याच्या अगदी जवळ असतो आणि सूर्याबरोबरच मावळतो. त्याच रात्री तो उशिरा उगवणं शक्य नाही. म्हणजे कथेच्या आतल्या हिशेबानं ते ग्रहण नव्हतं, कृष्णानं योगबळानं पाडलेला अंधारच होता.

लिहिणाऱ्यासाठी मात्र या प्रसंगाइतकी चांगली शाळा नाही. त्याचा क्रम बघा. आधी मुदत ठरते, तीही सूर्याच्या भाषेत. मग दिवसभर ती मुदत जवळ येत राहते. अंधार येतो तेव्हा दोन्ही बाजूंना त्याचा अर्थ वेगवेगळा लागतो: पांडवांच्या बाजूला धस्स होतं, कौरवांच्या बाजूला आनंद. जयद्रथ अंधारामुळे मरत नाही. आपण सुटलो असं त्याला वाटतं, त्या समजुतीमुळे तो मरतो. शिवाय गोष्ट तिथेही संपत नाही. त्याचं डोकं जो जमिनीवर पाडेल त्याच्याच डोक्याची शकलं होतील असा त्याच्या बापाचा वर असतो, म्हणून अर्जुनाला ते बाणांनी उडवत नेऊन बापाच्याच मांडीवर टाकावं लागतं. अंधार सरल्यावरही कथेत ताण शिल्लक आहे. आपल्या संहितांत नेमका हाच भाग बहुतेक वेळा हरवलेला दिसतो: सूर्य सुटला की लेखकही सुटतो.

शत्रूच्या तावडीत सापडलेला नायक "मी सूर्य गिळून टाकीन" म्हणतो आणि ग्रहण लागतं. ही युक्ती वापरू का?

ही युक्ती मुळात एका खऱ्या प्रसंगावरून आली. कोलंबस जमैका बेटावर अडकला होता आणि तिथल्या लोकांनी त्याच्या माणसांना अन्न देणं थांबवलं होतं. त्याच्याजवळ रेजिओमोंटानस या जर्मन गणितज्ञाची पंचांगासारखी सारणी होती. २९ फेब्रुवारी १५०४ च्या रात्री चंद्रग्रहण आहे हे त्यात पाहून त्यानं "देव रागावला आहे, चंद्र लाल होईल" अशी धमकी दिली, आणि अन्न मिळालं. पुढे साहसकथांनी हा प्रसंग वाटेल तितक्या वेळा उचलला.

त्यातली एक गोष्ट लेखकांनी जरूर लक्षात ठेवावी. रायडर हॅगार्ड यांच्या 'किंग सॉलोमन्स माइन्स' या १८८५ च्या कादंबरीत आधी सूर्यग्रहण होतं. ते निसर्गात बसत नाही हे लक्षात आल्यावर लेखकानं नंतरच्या आवृत्त्यांत तिथे चंद्रग्रहण घातलं. छापून गाजलेल्या पुस्तकातही दुरुस्ती करण्याची ती तयारी मला मोलाची वाटते.

आपल्याकडे ही युक्ती वापरण्यात मला खरी अडचण वेगळीच दिसते. समोरच्या सगळ्या माणसांना आकाशाचं काही कळत नाही, हे गृहीत धरल्याशिवाय ती चालत नाही. आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. ग्रहणाचं गणित करणारे जोशी गावोगाव होते. त्यामुळे सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीत परका माणूस येऊन ग्रहणाची धमकी देतो आणि सगळे पाया पडतात, हे खोटं वाटतं. ती युक्ती उलटी करून पाहा. धमकी देणाऱ्याला वाटतं की यांना काही माहीत नाही; यांना सगळं माहीत असतं, आणि ते त्याला ग्रहण सुटेपर्यंत बोलू देतात.

संहितेत ग्रहणाच्या तिथीच्या चुका कोणत्या होतात?

सूर्यग्रहण अमावस्येलाच आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच. एवढं पाळलं तरी निम्म्या चुका जातात. दसऱ्याच्या दिवशी सूर्यग्रहण होत नाही, तो दिवस दशमीचा. गणेशचतुर्थीला कुठलंच ग्रहण होत नाही. सूर्यग्रहणाच्या आदल्या रात्री प्रेमिकांना रंकाळ्यावर चांदण्यात फिरवू नका, त्या रात्री चंद्र जवळजवळ नसतोच. चंद्रग्रहणाच्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, मध्यरात्री नाही.

उलट सणांनी किती दारं उघडून ठेवली आहेत पाहा. होळी, गुरुपौर्णिमा, राखी, कोजागरी, दत्तजयंती या सगळ्या पौर्णिमा आहेत. २७ जुलै २०१८ चं खग्रास चंद्रग्रहण गुरुपौर्णिमेच्या रात्री झालं, आणि त्यातली खग्रास अवस्था १०३ मिनिटांची होती. जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला असते. ४ एप्रिल २०१५ चं चंद्रग्रहण त्याच पौर्णिमेचं. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, सूर्य ग्रहण लागलेला असतानाच मावळला. सासनकाठ्या, गुलाल आणि वर ग्रासलेला चंद्र, किंवा फराळाची ताटं आणि वेध: असा प्रसंग कुणी अजून नीट लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

कथा कोल्हापुरात घडते. खग्रास सूर्यग्रहण दाखवलं तर चालेल?

साल न सांगता काल्पनिक गाव केलंत तर कुणी अडवणार नाही. पण कोल्हापूर म्हणालात आणि सालही दिलंत, तर वाचक तपासणार. एकाच ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरी साडेतीनशे-चारशे वर्षांतून एकदा येतं. चंद्राच्या गडद छायेचा पट्टा फार तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास रुंद असतो आणि त्याच्या बाहेर सगळीकडे खंडग्रासच दिसतं.

१६ फेब्रुवारी १९८० चा पट्टा कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून हुबळी, रायचूर असा कोणार्क-पुरीकडे गेला. कोल्हापूर त्याच्या उत्तरेला राहिलं. इथे सूर्याचा मोठा भाग झाकला गेला, पण दिवसाची रात्र झाली नाही. आजीच्या तोंडी "ऐंशी साली इथं भर दुपारी चांदण्या दिसल्या" असं वाक्य घालायचं असेल, तर ती आठवण तिच्या मनानं रचलेली आहे हे लेखकाला तरी ठाऊक हवं.

ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्यांना मी एक तारीख आवर्जून सांगतो: १८ ऑगस्ट १८६८. त्या सकाळी खग्रास छाया विजयदुर्गाच्या बाजूनं किनाऱ्यावर चढली आणि जमखंडीवरून गुंटूरकडे गेली. कोल्हापूर या रेषेवर मधेच येतं. जमखंडीला इंग्रजांचं निरीक्षण पथक होतं, गुंटूरला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ दुर्बीण लावून बसला होता, आणि या ग्रहणाच्या वेळी सूर्यप्रकाशात टिपलेल्या एका पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम ओळखला गेला. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा तरुण राजाराम महाराज होते, जे दोनच वर्षांनी, १८७० साली, इटलीत फ्लॉरेन्सला वारले. पावसाळा, श्रावणातली अमावस्या, नुकतं इंग्रजी शिकलेलं दरबारातलं एखादं पोर आणि पंचांग घेऊन बसलेले जोशीबुवा. एवढं साहित्य तयार असताना लोक काल्पनिक राजवाडे बांधत बसतात, याचं वाईट वाटतं.

२२ जानेवारी १८९८ चा पट्टाही विजयदुर्गावरूनच चढला, पण तिरका होऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरकडे गेला, म्हणजे कोल्हापूरच्या उत्तरेनं. तो मुंबई-पुण्यातल्या प्लेगचा काळ. इथे शाहू महाराज गादीवर होते.

खग्रास अवस्थेत किती संवाद बसतील?

थोडे. खग्रास सूर्यग्रहण अगदी आदर्श परिस्थितीतही साडेसात मिनिटांच्या वर जात नाही, बहुतेक दोन-चार मिनिटांतच आटोपतं. त्या वेळात खून, कबुली आणि पलायन तिन्ही बसवू नका. एक कृती निवडा. आधीचा आणि नंतरचा खंडग्रास काळ मात्र प्रत्येकी तासाभराच्या घरात असतो. तो सगळा तुमचा आहे.

सूर्य झाकत जातो तेव्हा नेमकं काय दिसतं?

इथे लेखक घाई करतात आणि "हळूहळू अंधार पसरला" म्हणून मोकळे होतात. तसं घडत नाही. अर्धा सूर्य झाकला गेला तरी ज्याला माहीत नाही त्याच्या लक्षातही येत नाही, कारण डोळा कमी उजेडाला सरावत जातो. नव्वद टक्के झाकल्यावरही दिवसच असतो, फक्त उजेडातली ऊब जाते. संध्याकाळचा उजेड तांबूस असतो, सावल्या लांब असतात. इथे सूर्य डोक्यावर असतो, सावल्या आखूड आणि कडेला धारदार, आणि सगळ्या रंगांवर करडी छटा. हे विचित्रपण शब्दांत पकडणं हेच लेखकाचं काम.

कौलारू घरात कथा घडत असेल तर वर बघायचीही गरज नाही. कौलांच्या फटींतून सारवलेल्या जमिनीवर पडणारे कवडसे एरवी गोल असतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. ग्रहण लागलं की ते सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. आंब्याखाली, पिंपळाखाली तेच. ज्या घरात खिडक्या-दारं बंद करून सगळे बसले आहेत, जिथे ग्रहण बघायला बंदी आहे, तिथेच जमिनीवर शेकडो कोरी उमटतात आणि एखादं पोर त्या मोजत बसतं. या प्रसंगासाठी मी दहा वीररसाची स्वगतं सोडून द्यायला तयार आहे.

शेवटच्या मिनिटात मात्र सगळं वेगानं घडतं. उजेड कुणीतरी ओढून घेतल्यासारखा जातो, हवा गार होते, पक्षी घरट्यांकडे वळतात. सूर्याचा अखेरचा ठिपका हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकतो आणि विझतो, काळ्या चकतीभोवती पांढरं प्रभामंडळ दिसतं, शुक्र झळकतो. क्षितिजावर चहूबाजूंना सूर्यास्तासारखी तांबूस कड असते, कारण छायेच्या बाहेर दिवस चालूच असतो.

पावसाळा विसरू नका. २२ जुलै २००९ ला सुरतच्या बाजूला खग्रास होतं आणि ढगांनी अनेकांचा हिरमोड केला. जुलै-ऑगस्टमधलं कोल्हापूर लिहिताना ढग येणारच. तेही नाट्यच आहे: काहीच दिसत नाही, आणि ठरलेल्या मिनिटाला ढगांखालचा सगळा परिसर काळवंडतो.

पात्रानं उघड्या डोळ्यांनी सूर्य पाहिला तर?

दृष्टिपटलाला इजा होते, आणि ती होताना दुखत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग जाणवतो. पात्र किंचाळत डोळे धरून खाली पडतं, हे चूक. संध्याकाळी त्याला समोरच्याचा चेहराच नीट दिसत नाही, हे बरोबर, आणि कितीतरी जास्त भयंकर. खग्रासातली ती मोजकी मिनिटं सोडली तर सुरक्षित चष्म्याशिवाय सूर्याकडे बघू नये. एक्स-रेच्या फिल्ममधून बघणारं पात्र लिहिलंत, तर त्याचा परिणामही लिहा.

चंद्रग्रहणात नाट्य कमी असतं का?

वेगळं असतं. सूर्यग्रहण धावतं, चंद्रग्रहण रेंगाळतं. ७ सप्टेंबर २०२५ ला कोल्हापुरात रात्री दहाच्या सुमारास सावली चंद्राला लागली, अकराला चंद्र पूर्ण आत गेला आणि साडेबाराच्या आत बाहेर येऊ लागला. तब्बल ८२ मिनिटं तो तांबूस होता, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला लालसर प्रकाशच तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. चंद्र मंदावला की एरवी चांदण्यात बुडालेल्या तारका एकेक करून दिसू लागतात. दोन माणसांचं लांबलेलं बोलणं, एक मोडत आलेलं लग्न, मयताला टेकून जागणारं घर: अशा गोष्टींना चंद्रग्रहण हवं.

चंद्रग्रहणानं इतिहास वळवल्याचं उदाहरण हवं असेल तर इसवी सन पूर्व ४१३ मधलं सिसिली बेटावरचं सिराक्यूज शहर पाहा. अथेन्सचं सैन्य वेढा उठवून निघण्याच्या तयारीत होतं. चंद्रग्रहण झालं. सेनापती निकियासनं भविष्यवेत्त्यांचं ऐकून तीन वेळा नऊ दिवस थांबायचं ठरवलं. त्या थांबण्यात शत्रूनं बंदर बंद केलं आणि सगळं सैन्य संपलं. चंद्रानं काही केलं नाही. एका माणसानं त्याचा अर्थ लावला आणि हजारो माणसं मेली. ग्रहणकथेचा गाभा मला इथे दिसतो.

ग्रहणाच्या कथेची बांधणी कशी करावी?

पंचांगानं ती करून ठेवली आहे. वेध, स्पर्श, संमीलन (बिंब पूर्ण झाकलं जाणं), मध्य, उन्मीलन (ते पुन्हा उघडू लागणं), मोक्ष. परंपरेनं सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर, म्हणजे बारा तास आणि नऊ तास. आमच्याकडच्या बहुतेक संहिता स्पर्शापासून सुरू होतात. मी म्हणतो, वेधापासून सुरू करा आणि निम्मी कथा वेधातच घालवा. घरात खाण्यापिण्याचे नियम लागू झालेत, शिजवलेल्यावर तुळशीची पानं पडलीत, म्हातारी माणसं एका बाजूला आणि तरुण दुसऱ्या बाजूला झालीत. आकाशात अजून काहीही नाही.

एक उदाहरण. सासूबाईंना मधुमेह आहे, सकाळी इन्सुलिन घेतलं आहे आणि वेध पाळायचे म्हणून त्या घास घ्यायला तयार नाहीत. सुनेला ठाऊक आहे की साखर उतरली तर जिवावर बेतेल. "आई, दोन घास घ्या, माझ्या गळ्याची शपथ." "शपथ घालू नगंस. एवढी वर्सं पाळलं, आता मोडू व्हय?" घड्याळ पुढे सरकत आहे. इथे खलनायक कुणीच नाही, दोघींचंही एकमेकींवर प्रेम आहे, आणि पेच खराखुरा आहे. यात सूर्य एकदाही दाखवला नाही तरी चालेल.

गरोदर बाईचा प्रसंग सगळेच लिहितात. लिहावा का?

लिहा, पण जबाबदारीनं. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ दुभंगतो ही समजूत अजून घराघरात आहे. दुभंगलेल्या ओठाचा ग्रहणाशी काहीही संबंध नाही. त्याला आनुवंशिक आणि गर्भावस्थेतली इतर कारणं असतात, आणि तो शस्त्रक्रियेनं दुरुस्त करता येतो. तुमच्या कथेत बाई ग्रहणात विळी हातात घेते आणि शेवटी तसं मूल जन्मतं, असं दाखवलंत तर प्रेक्षागृहात बसलेल्या एखाद्या आईला तुम्ही आयुष्यभराचा दोष देऊन घरी पाठवाल. त्याऐवजी तो दोष तिच्यावर कोण टाकतं, का टाकतं आणि ती तो कसा झिडकारते, हे लिहा. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास न हलता बसवून ठेवलेल्या बाईच्या मनात काय चालतं, हे अजून पुरतं लिहून झालेलं नाही.

"दे दान, सुटे गिराण" ही हाक संहितेत घ्यावी का?

ही हाक ज्यांनी ऐकली आहे त्यांना ग्रहण म्हटलं की आधी तीच आठवते. ग्रहण लागलं की गल्लीतून दान मागत माणसं फिरायची, लोक धान्य, जुने कपडे, पैसे घालायचे. मागणारी माणसं बहुतेक मांग समाजाची असत, आणि राहू-केतूच्या ग्रासाचं देणं त्यांच्या पदरात टाकून आपण मोकळे झालो असं उंबऱ्याच्या आतले मानत. निव्वळ वातावरणासाठी ही हाक पार्श्वसंगीतात टाकून देऊ नका. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून दुसऱ्याचं अशुभ घेणारा माणूस हा कथेचा नायक होऊ शकतो. त्याच्या घरी ग्रहण कसं असतं? त्याची शिकलेली मुलगी त्याला यंदा जाऊ देते का? शाहू महाराजांच्या गावातल्या लेखकानं हा प्रश्न टाळू नये असं मला फार वाटतं.

म्हणजे ग्रहण नेहमी अशुभच दाखवायचं?

मुळीच नाही. आपल्या परंपरेत ग्रहण हा पर्वकाळही आहे, स्नानाचा आणि दानाचा. कोल्हापुरातल्याच विजयादित्य शिलाहाराच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात चंद्रग्रहणाच्या निमित्तानं दिलेल्या दानाची नोंद आहे. जानेवारी १६६५ मधल्या सूर्यग्रहणाला शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरला जिजाबाईंची सुवर्णतुला केली. मुलगा आईला सोन्यानं तोलतो आहे आणि वर सूर्य ग्रासलेला आहे, असं हे दृश्य.

आणि सगळ्यांत सुंदर उपयोग भागवताच्या दशम स्कंधात आहे. सूर्यग्रहणाच्या स्नानासाठी सगळे कुरुक्षेत्री जमतात. द्वारकेहून कृष्ण येतो, व्रजातून नंद, यशोदा आणि गोपी येतात. गोकुळ सोडल्यावर इतक्या वर्षांनी भेट होते ती ग्रहणामुळे. ज्यांना एकमेकांकडे जायला कारण उरलेलं नाही, त्यांना ग्रहण एका घाटावर आणतं. हेच तुम्ही नृसिंहवाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, किंवा प्रयाग चिखलीला आणू शकता. वाटणीवरून बोलणं तुटलेले दोन भाऊ पर्वकाळाच्या गर्दीत कमरेएवढ्या पाण्यात समोरासमोर येतात. पुढचं तुम्ही लिहा.

रंगमंचावर ग्रहण कसं दाखवावं?

सूर्याची चकती लटकवू नका. उजेडाचा रंग बदला, पात्रांच्या सावल्या आखूड आणि धारदार ठेवा, आणि पक्ष्यांचा आवाज थांबवा. बाकी नट करतील.

ग्रहणाऐवजी किरणोत्सव वापरता येईल का?

येईल, आणि तो तर खास आपला आहे. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या मूर्तीवर पोचतात: आधी चरणांवर, मग वर चढत मुखापर्यंत. तारखा ठरलेल्या, मिनिटं मोजकी, आणि धुकं, ढग किंवा वाटेतलं एखादं बांधकाम आडवं येण्याची धास्ती कायम. ग्रहणात प्रकाश जाऊ नये म्हणून जीव टांगणीला लागतो, किरणोत्सवात प्रकाश यावा म्हणून. नाट्याची यंत्रणा तीच. नवस बोललेली बाई गर्दीत उभी आहे आणि किरणं कमरेशीच विरली, यावर एक अख्खी एकांकिका उभी राहते.

शेवट ग्रहणावर करावा का?

शक्यतो नको. मोक्षानंतर घर धुतलं जातं, माणसं आंघोळी करतात, चूल पेटते, आणि ग्रहणात जे बोललं गेलं ते घेऊन त्यांना पुन्हा एका ताटात जेवायचं असतं. खरी परीक्षा तिथे आहे.

पुढची कोणती ग्रहणं कथेत घेता येतील?

तारखा पंचांगात किंवा भारत सरकारच्या राष्ट्रीय पंचांगात पाहून घ्या, स्थानिक वेळा गावानुसार बदलतात. माझ्या नजरेसमोर २ ऑगस्ट २०२७ आहे. त्या दिवशी इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून मोठं खग्रास आहे, आणि कोल्हापुरात दुपार कलताना खंडग्रास. तिथी आषाढ अमावस्या, दिव्यांची अवस. घासूनपुसून ठेवलेल्या समया पाटावर मांडलेल्या आहेत, बाहेर पावसाचे ढग आहेत, वेध पहाटेपासूनच लागले आहेत आणि दिवे लावायचे कधी यावर घरात दोन मतं आहेत. त्यानंतर २१ मे २०३१ ला केरळ-तमिळनाडूच्या दक्षिण भागात कंकणाकृती, आणि २० मार्च २०३४ ला काश्मीर-लडाखच्या बाजूला खग्रास. त्यासाठी मात्र पात्रांना प्रवासाला पाठवावं लागेल.